एकेचाळीस नंबरचं रक्त

मस्कत,
३ फेब्रुवारी २०२४

आदरणीय महाद बिन सालिम यांस,
अस्सलामु अलैकुम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मात्र तुम्हाला आठ वर्षं ओळखते, तेही एका आकड्यानं. आमच्या प्रयोगशाळेत तुम्ही एकेचाळीस नंबर आहात.

२०१६ साली आमची तुकडी थुमरैतच्या पलीकडे तुमच्या तळावर आली होती. उंटांपासून माणसाला होणाऱ्या मर्स तापाची पाहणी चालली होती आणि घरटी एक नळी रक्त घेतलं होतं. तुमच्या नळीत जे सापडलं ते बाकी कुठल्याच नळीत नव्हतं. म्हणून तीन महिन्यांनी नर्स थमना पुन्हा येऊन एक पिशवीभर रक्त घेऊन गेली. ती पिशवी आम्ही आजवर थेंब थेंब वापरतो आहोत.

कशासाठी, ते सांगते. प्लास्टिकच्या ताटलीत छोटे छोटे खण असतात. प्रत्येक खणाच्या तळाशी आम्ही जिवंत पेशींचा एक पदर वाढवतो. दुधावर साय धरते, तेवढाच पातळ. त्यावर तापाचा विषाणू सोडला की तीन दिवसांत तो त्या सायीला भोकं पाडतो. पण तोच विषाणू आधी तासभर तुमच्या रक्तद्रवात ठेवला, तर तुमच्या रक्तातली प्रतिपिंडं त्याला धरून ठेवतात आणि साय अखंड राहते. वरून जांभळा रंग ओतायचा, तो फक्त शाबूत सायीला धरतो, मग धुवायचा आणि भोकं मोजत बसायचं. माझी नोकरी ही एवढीच.

सध्या या तापावरची लस सहाशे लोकांना टोचली आहे. त्यांचं रक्त विषाणूशी किती लढतं, ते आम्ही दर आठवड्याला बघतो. प्रत्येक ताटलीत पहिली ओळ तुमची, खणागणिक रक्तद्रव आणखी पातळ करत नेलेली. ती नेहमीसारखी आली तरच त्या दिवसाचे बाकीचे आकडे खरे धरायचे.

आता अडचण. तुमच्या रक्तद्रवाच्या चौदा कुप्या उरल्या आहेत आणि आठवड्याला एक लागते. त्या संपायच्या आत तुमचं नवं रक्त जुन्याच्या शेजारी ठेवून पारखावं लागेल. ते झालं नाही, तर लशीचे आधीचे आणि नंतरचे निकाल एकमेकांशी ताडताच येणार नाहीत आणि दोन वर्षांचं काम अर्धवट राहील.

पुन्हा एकदा रक्त द्याल का? रक्त देणाऱ्याशी आम्ही फोनवर बोलायचं नाही, असा नियम आहे. जे काही ते लेखी, तुमच्या आरोग्य केंद्राच्या हातून. म्हणून हे पत्र.

आणि नियमात नसलेली एक गोष्ट. आठ वर्षं तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. ते आज मानते.

झुवैना बिन्त हमूद


थुमरैतच्या पलीकडून,
१४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई झुवैना यांना व अलैकुम अस्सलाम.

हे पत्र मी, महादची बहीण तुफूल, लिहिते आहे. भावाला इथे सगळे अबू आमिर म्हणतात, आमिरचा बाप. त्याला लिहिता येत नाही. मी म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात जाऊन शिकले, तेव्हा हाच हसला होता. आता शेजारी बसून सांगतोय आणि मधेच ‘हे लिहू नकोस’ म्हणतोय. ते मी लिहीत नाही.

भाऊ म्हणतो, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. मी त्याला ते तीनदा वाचून दाखवलं. सायीचा भाग चारदा.

भाऊ म्हणतो, आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, माणूस म्हातारा होतो तसं रक्तही होत असेल, तुम्ही दुसरं कुणी बघा.

भाऊ म्हणतो, द्यायचंच झालं तर नर्स थमनालाच पाठवा. तिचा हात हलका होता. आमच्या केंद्रात आता सजी म्हणून केरळचा परिचारक आला आहे. माणूस देवासारखा आहे, पण पुरुष आहे. आता तुम्ही म्हणाल, पुरुषाचं रक्त पुरुषानं घेतलं तर बिघडलं कुठे? बिघडलं काही नाही. भावाला सुईची सवय नाही, एवढंच. (हे लिहू नकोस म्हणाला होता. लिहिलं.)

आता माझा एक प्रश्न, भावाचा नाही. त्या रक्तामुळे खरंच कुणाचा जीव वाचतो का, की नुसतीच भोकं मोजता?

तुफूल बिन्त सालिम, भावाच्या वतीनं


मस्कत,
२२ फेब्रुवारी

आदरणीय महाद आणि तुफूल बहिणी,

मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे. आमचे प्रमुख डॉ. खल्फान डॉक्टर आहेत, आणि तेही भोकं मोजून घ्यायला माझ्याकडेच येतात. तेव्हा नुसतं झुवैना म्हणा.

नर्स थमना निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या. दुसरी बाई नर्स तिकडे यायला महिने जातील. सजी बुधवारी, २८ तारखेला येईल. अबू आमिरना सांगा, डोळे मिटून एक ते वीस म्हणा, तेवढ्यात होतं. आणि रक्त म्हातारं झालं असेल की नाही, ते आम्हालाच बघू द्या. वर्षांनी प्रतिपिंडं कमी होतात हे खरं, पण ज्यांच्यात इतकी भरपूर होती त्यांच्यात थोडी तरी राहतातच.

तुफूल बहिणी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. लस चांगली निघाली तर पहिल्यांदा ती उंटवाल्यांना आणि दवाखान्यातल्या लोकांना मिळेल. पण लस चांगली आहे हे ठरवायचं कशावर? आमच्याकडे मोजमाप म्हणून तुमच्या भावाचंच रक्त आहे. आमच्या हातून जीव थेट वाचत नाही. वाचवणाऱ्याला खोटा आकडा जाऊ नये, एवढं आमच्याकडे असतं.

आणखी एक सांगू? तीन वर्षांपूर्वी माझे पती गेले. इद्दतचे चार महिने दहा दिवस घरात काढून मी कामावर परत आले. पहिलीच ताटली लावली. तीन दिवस वाटत राहिलं, आपल्याला आता हे जमणार नाही, कुठेतरी चुकलोच असू. रंग धुतला आणि तुमच्या भावाची ओळ बघितली, तर पहिले पाच खण नेहमीसारखे स्वच्छ जांभळे, अखंड. माझं काही चुकलं नव्हतं. मी तिथेच हातमोज्यांसकट बसून रडले. ते रक्त कुणाचं, हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. नावाची यादी या वर्षी पहिल्यांदा उघडली.

म्हणून मला अबू आमिरविषयी फार वाटतं. एवढंच त्यांना सांगा, बाकी सांगू नका, लाजतील.

झुवैना


थुमरैतच्या पलीकडून,
२ मार्च

झुवैना बहिणी,

सजी आला आणि रक्त घेऊन गेला.

भावानं एक ते वीस म्हणायला घेतलं. सातपर्यंत पोचला. आठवा आकडा मला ऐकू आला नाही, कारण तो गालिच्यावर आडवा झाला होता. सजी बिचारा घाबरून म्हणतो, ‘बाबा, बाबा, उठा!’ मी म्हटलं, ‘तू आधी काय घ्यायचंय ते घेऊन टाक, उठला की देणार नाही.’ घेतलं. मग खजूर खायला घातले, कॉफी पाजली. आता दोन दिवस तो सगळ्यांना सांगत फिरतोय, मस्कतच्या सरकारला माझ्या रक्तावाचून चालत नाही.

भाऊ म्हणतो, रक्त नीट वापरा.

तुमचे पती गेल्याचं वाचून वाईट वाटलं. माझेही गेले, एकोणीस वर्षं झाली, विहिरीच्या कामावर. मूलबाळ नव्हतं. महाद मला परत घेऊन आला, तेव्हापासून इथेच. त्यानं आजवर एका शब्दानं दुखवलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. का, ते मलाही नीट सांगता येत नाही.

तुमचं ते ताटलीपाशी रडणं मी भावाला वाचून दाखवलं नाही. स्वतःच पुन्हा पुन्हा वाचलं.

एक विचारायचं होतं. हे रक्त समजा कमी पडलं, तर तुमच्यावर काही येईल का?

तुफूल


मस्कत,
१६ मार्च, रमजान

तुफूल बहिणी,
रमजान मुबारक.

हे पत्र कसं लिहावं ते दोन दिवस कळत नव्हतं. अबू आमिरना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

नवं रक्तद्रव मी जुन्याच्या शेजारी लावलं. जुनी ओळ नेहमीसारखी. नव्या ओळीत पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत भोकंच भोकं, जणू विषाणूत साधं पाणी मिसळलं होतं. मला वाटलं, माझा हात चुकला. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा डॉ. खल्फानच्या समोर लावलं. तेच. दुसऱ्या पद्धतीनं तपासलं, तर या तापाची खूणसुद्धा त्या रक्तात नाही. ते या विषाणूला कधी भेटलेलंच नाही.

मग मी एक साधी गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. दोन्हींचा रक्तगट बघितला. जुन्याचा बी आहे आणि नव्याचा ओ. माणूस म्हातारा होतो, प्रतिपिंडं कमी होतात, पण रक्तगट बदलत नाही. ही दोन वेगळ्या माणसांची रक्तं आहेत.

त्या वर्षी नळ्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या आहेत. तेव्हा मी नवी होते. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक घराच्या कर्त्याचं नाव आणि नंबर लिहून ठेवले होते. कुठेतरी चाळीसचं एकेचाळीसला लागलं असणार. दुसऱ्या कुठल्या तरी घरातला माणूस आहे आणि मी आठ वर्षं त्याचं रक्त तुमच्या भावाच्या नावावर वापरते आहे.

आकडे त्यानं खोटे ठरत नाहीत, रक्त तेच आहे. पण ज्याचा मालक कोण ते माहीत नाही आणि ज्याची संमती कागदावर नाही, असं रक्त मोजमाप म्हणून चालत नाही. लशीचे निकाल त्यावर उभे आहेत. डॉ. खल्फाननी मला १५ एप्रिलपर्यंत वेळ दिला आहे. तोवर तो माणूस सापडला नाही, तर त्यांना वर कळवावं लागेल, निकाल बाजूला ठेवले जातील आणि चूक माझ्या नावावर लिहिली जाईल. ते रास्तच आहे.

तुम्ही तिथे होता. त्या दिवसाचं काही आठवतं का? शेजारच्या तळावर कोण होतं, कुणाला आधी मोठा ताप येऊन गेला होता? आठ कुप्या राहिल्या आहेत.

अबू आमिरची माफी मागते. त्यांना उगाच आडवं केलं.

झुवैना


थुमरैतच्या पलीकडून,
२७ मार्च

झुवैना बहिणी,

या पत्रात ‘भाऊ म्हणतो’ असं कुठेच नाही. भाऊ नमाजाला गेला आहे आणि मी एकटीच लिहिते आहे.

तुमची चिठ्ठी चुकलेली नाही. ते रक्त माझं आहे.

नर्स थमना बायकांच्या तंबूत बसली होती. महादला तिनं बोलावलं. तो सुई बघून असा पांढरा पडला की मीच म्हटलं, ‘बाई, घरटी एक नळी हवी ना? माझा दंड घे आणि मोकळी हो.’ ती हसली. म्हणाली, ‘चिठ्ठी तर तुझ्या भावाच्या नावाची आहे.’ मी म्हटलं, ‘घरही त्याच्याच नावाचं आहे, तरी राहते मी.’ तिनं घेतलं. आम्हाला वाटलं, सरकारी काम, कोण बघतंय. पिशवी न्यायला आली तेव्हाही महादचा अंगठा आणि माझा दंड. आम्ही तिघंही हसलो होतो.

आता ते दुसरं, ज्याच्यासाठी मी इतके दिवस थांबले.

महादला ताप कसा भेटणार? महादनं बारा वर्षांत सांडणीला हात लावलेला नाही. त्याची बोटं आखडली. आधी सकाळी, मग दिवसभर. कपही दोन्ही हातांनी धरतो. आमच्याकडे बाईनं सांडणीच्या कासेला हात लावायचा नाही. शेळ्या चालतात. सांडणी नाही. बाईनं काढलेलं दूध पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. त्याचा मुलगा आमिर लष्करात. नोकर ठेवून पाहिला, सांडण्यांनी त्याला पान्हा सोडला नाही, उलट एकीनं लाथ घातली. मग एके सकाळी मी महादला म्हटलं, ‘तू फक्त माझ्याजवळ उभा राहा, म्हणजे लांबून तूच दिसशील.’ तेव्हापासून तो उभा राहतो आणि मी धार काढते. बारा वर्षं. पाहुणे येतात, दूध पितात, म्हणतात, ‘महादच्या हाताला गोडी आहे.’ तो मान खाली घालतो. लोकांना वाटतं, नम्र आहे.

तुम्ही यायच्या आदल्या हिवाळ्यात एक पिल्लू नाक गळून आजारी होतं. ते मी मांडीवर घेऊन जगवलं. मग मी पडले. वीस दिवस खोकला आणि असा ताप की महाद लोबानाचं पाणी चमच्यानं पाजायचा, त्या बोटांनी, निम्मं माझ्या मानेवर. दवाखान्यात नेतो म्हणाला. मीच नको म्हटलं. डॉक्टर विचारणार, उंटांमध्ये काय करत होतीस?

आता तुम्हाला सगळं माहीत आहे. माझं रक्त घ्या. पण पूर्वीसारखंच, एकेचाळीस नंबरनं, महादच्याच नावावर. चूक तुमची नाही, हे तुम्हाला कळलं. तेवढ्यानं भागणार नाही का?

तुम्ही तुमची ती ताटली बघून रडलात, त्या दिवशी मी बहुतेक तुपाला कढ देत बसले असेन. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. पण त्या दिवशी तुमच्यापाशी मी होते, याचा मला इतका आनंद झाला की हे लिहायचं बळ त्यातूनच आलं.

तुफूल


मस्कत,
१ एप्रिल

माझ्या तुफूल बहिणी,

पत्र वाचलं आणि पहिली गोष्ट ही केली की आठ वर्षांचे आभार महादकडून काढून घेतले. थोडे ठेवले, लोबानाच्या पाण्याचे. बाकी सगळे तुमचे.

आता जे लिहायचं ते तुम्हाला आवडणार नाही. महादच्या नावावर मी ते रक्त घेऊ शकत नाही. आठ वर्षांपूर्वी नकळत झालं. आता कळून केलं तर ती माझी लबाडी होईल, आणि आमच्या सगळ्या कामात लबाडीला जागाच नाही. एक खोटं आत आलं की बाकीच्या खऱ्याला काही किंमत राहत नाही.

नव्या संमतीपत्रावर तुमचं स्वतःचं नाव लागेल. त्यात एक प्रश्न आहे, उंटांशी संबंध कशा प्रकारे येतो? आणि खाली साक्षीदार लागतो, घरातला, जो म्हणेल की हे उत्तर खरं आहे. कागद माझ्या कपाटात कुलपात राहील. बाहेर फक्त नंबर जाईल, तुमचं नाव डॉ. खल्फाननाही दिसणार नाही. पण सजीला दिसेल, आणि साक्षीदाराला तर सही करावी लागेल. यातलं काहीच मी लपवून ठेवणार नाही.

तुम्ही नाही म्हणालात, तर मी १५ तारखेला डॉ. खल्फानना एवढंच सांगेन की रक्त देणारी व्यक्ती नियमाप्रमाणे उपलब्ध नाही. तुमचं पत्र कुणाला दाखवणार नाही. काम थांबेल. माझ्यावर बोल येईल, तो मी घेईन, आणि तुमच्याविषयी माझ्या मनात हे एवढंसुद्धा कमी होणार नाही. हे खरं म्हणून लिहिते आहे, तुम्हाला भीड पडावी म्हणून नाही. बारा वर्षं जपलेलं घर आहे. ते माझ्या कुप्यांसाठी मोडा, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

रोजे आहेत, तेव्हा ईदपर्यंत रक्त कुणी मागणार नाही. सजी तुमच्याकडे १३ तारखेला लहान मुलांच्या लशी घेऊन येतोच आहे. कागद त्याच्याजवळ बंद पाकिटात देते. हवं तर पाकीट उघडू नका.

झुवैना


थुमरैतच्या पलीकडून,
१३ एप्रिल, ईदचा चौथा दिवस

झुवैना बहिणी,

सजी गाडीत बसून वाट बघतो आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

महादला मी ईदच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, ‘मला न विचारता लिहिलंस?’ मी म्हटलं, ‘माझ्या रक्ताला तुझं नाव लावलंत, तेव्हा मला कुणी विचारलं?’ तो म्हणाला, ‘तूच दंड पुढे केलास.’ मी म्हटलं, ‘तुझ्यासाठी केला.’ मग तो उठून गेला. सकाळी धारेच्या वेळी मात्र येऊन उभा राहिला. नेहमीपेक्षा लांब.

आज सजी आला तेव्हा चुलतभाऊ बखीत बसला होता, ईदचा पाहुणा. हातात आमचा दुधाचा कटोरा, वर फेस. मी सजीला डोळ्यांनी खुणावत होते की आत ये, बायकांच्या बाजूला. त्याला काय कळणार! त्यानं तिथेच पाकीट फोडलं आणि आपल्या त्या अरबीत मोठ्यानं वाचलं, ‘तुफूल बिन्त सालिम. उंटांशी संबंध कशा प्रकारे येतो?’

बखीत हसला. म्हणाला, ‘बाईचा कसला संबंध? लिही, स्वयंपाक.’

सजीनं पेन टेकवलं. आणि महाद म्हणाला, ‘थांब. धार काढते असं लिही. बारा वर्षं.’

बखीतचा कटोरा तोंडापाशी होता, तिथेच राहिला. महाद त्याला म्हणाला, ‘बारा वर्षं हाताची गोडी म्हणून पितोस ना? तो हात हा.’ आणि माझ्याकडे बोट दाखवायला गेला, पण त्याचं बोट सरळ होत नाही, म्हणून सगळा हातच पुढे केला.

सजी मधेच म्हणतो, ‘आमच्याकडे माझी आईच काढते धार. गाईची. त्यात काय?’ मग त्यानं साक्षीदाराची जागा दाखवली. मला वाटलं होतं, ईदच्या सुट्टीवर आलेल्या आमिरला मी गळ घालीन. महादनं शाई मागितली. त्याचा अंगठा कागदावर नीट बसेना, तेव्हा मीच त्याचं मनगट धरलं. तो सुईकडे बघत नव्हता, तरी पांढरा पडला होता.

बखीतनं कटोरा खाली ठेवला, सलाम केला आणि गेला. निम्मं दूध तसंच. महादनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि पिऊन टाकलं.

मला खूप वाईट वाटलं, झुवैना. बखीत आता सगळ्या तळांवर सांगेल. पुढच्या ईदला आमच्याकडे कमी लोक येतील. महाद म्हणाला, ‘तर मग दूध पुरेल तरी.’ आणि मान खाली घातली नाही.

मग रक्त दिलं. मी वीसपर्यंत म्हणायला घेतलं आणि बावीसपर्यंत गेले.

पत्र बंद करत होते, तेवढ्यात बखीतची बायको मागच्या बाजूनं आली. नवऱ्याला न सांगता. बुरख्यात तोंड घालून मला विचारते, ‘माझंही रक्त बघतील का ते? मलाही तो खोकला आला होता.’ मी म्हटलं, ‘तुला कसा येईल? तू काय सांडण्यांत असतेस?’ ती म्हणाली, ‘बखीत गुरुवारी गावाला जातो, तेव्हा कोण काढतं असं तुला वाटतं?’

सजी भोंगा वाजवतोय. थंड पेटी त्याच्याजवळ आहे.

तुफूल


मस्कत,
२९ एप्रिल

माझ्या तुफूल,

१४ तारखेला पेटी आली. बर्फ शाबूत होता. मी डॉ. खल्फानना कागदाचा फक्त वरचा भाग दाखवला, नंबर आणि उत्तर. त्यांनी ‘धार काढते’ हे दोनदा वाचलं. मग म्हणाले, ‘झुवैना, आपण आठ वर्षांपूर्वी हा प्रश्न बायकांना विचारला होता का?’ मी म्हटलं, नाही. प्रश्नावलीतच लिहिलं होतं, फक्त पुरुषांना विचारावा. ते लिहिणारे तेच होते. थोडे ओशाळले, पण मोठा माणूस आहे, तिथल्या तिथे पेन काढून ती ओळ खोडली. पुढच्या हिवाळ्यात तुकडी पुन्हा निघेल, या वेळी दोन बाई नर्स घेऊन, आणि माणसागणिक एक नळी, ज्याची त्याच्या नावानं. बखीतच्या बायकोला सांग, तिचा नंबर पहिला. कुणी उत्तर दिलं नाही तरी चालेल, हेही आम्ही कागदावरच छापणार आहोत.

जुन्या कागदांत ‘पुरुष, उंटपाळ’ असं होतं, तिथे मी रीतसर दुरुस्ती करून ‘स्त्री, उंटपाळ’ लिहिलं, तारीख घातली, सही केली. एवढ्या वर्षांत इतक्या आनंदानं मी कुठलीच चूक दुरुस्त केली नव्हती.

महादना माझा सलाम सांग. त्यांच्या रक्ताचीही मी एक कुपी ठेवली आहे. ज्याला हा ताप कधी भेटला नाही, अशा माणसाचं रक्तही आम्हाला प्रत्येक ताटलीत लागतं, शेवटच्या ओळीला. त्याशिवाय भोकं खरंच पडतात हे कळत नाही. त्यांचीही संमती मागणार आहे, तेव्हा त्यांनी सगळ्यांना खुशाल सांगत फिरावं, मस्कतच्या सरकारला त्यांच्यावाचून चालत नाही. सुई पुन्हा लागणार नाही. हे आधी सांग.

कोण आलं, कोण आलं नाही, ते मला लिहीत जा. बखीत परत आला की आधी लिही.

तुझं रक्त मी जुन्याच्या शेजारी तीनदा लावलं. दोन्हीचा गट बी. काल तिसऱ्या ताटलीवरचा रंग धुतला, उजेडाकडे धरली आणि नेहमीसारखी वही उघडून तुझ्या ओळीवर भोकं मोजायला बसले. पहिल्या पाच खणांत मोजायला काही नव्हतं.

तुझी,
झुवैना